तोंड दिसंल असा फोटो

पुण्यात मी एका शाळेत चित्रकला शिकवत होतो आणि नाताळची सुट्टी लागली की गळ्यात कॅमेरा अडकवून डिंगोऱ्याला थोरल्या बहिणीकडे जायचो. नव्वदचं दशक सरत आलं होतं. कॅमेऱ्यात अजून रोल घालावा लागायचा आणि तो संपेपर्यंत आत काय उमटलंय ते काढणाऱ्यालाही कळत नसे.

माझ्या फोटोंवरून बहिणीच्या घरात दरवर्षी एक भांडण ठरलेलं असायचं. तिनं नवं न्हाणीघर बांधलं होतं, त्याला गुलाबी फरशी होती. दाजींनी ट्रॅक्टर घेतला होता, त्याच्या नाकाला अजून हार होता. मी मात्र पहाटे उठून गोठ्याची धुरकटलेली भिंत, बांधावर शेकणारी म्हातारी माणसं आणि धुक्यातला शेणाचा ढीग टिपत फिरायचो.

"एवढी फरशी बसवली, रंग दिला," बहीण म्हणायची, "आन तू पुण्यात जाऊन काय दावनार, तर उकिरडा! लोक म्हणतील, बहीण कुठं देऊन बसलाय बघा."

दाजी तिच्या पुढे. "पावणं, तुमच्या कॅमेऱ्याला म्हस दिसली की त्यो आपोआप उघडतो का वो? माणसांवर चालत न्हाई का?"

मी हसायचो, पण मनातून मला या नादाची थोडी लाजच वाटायची. माणसं कामात असत आणि मी नुसता उभा. बाया वाफ्यात वाकून कांद्याची रोपं लावत आणि मी बांधावर वाकून त्यांच्या पाठींची रांग कशी दिसते ते बघत असे. त्यांच्या कष्टांमधून मी माझ्यासाठी काहीतरी उचलतोय, असं सारखं वाटत राही. मग ती टोचणी बुजवायला फोटो काढून झाला की मी रोपांच्या जुड्या वाहून देऊ लागे. दाजी लांबून ओरडत, "ठेवा पावणं ती पाटी! आमची लागण चुकवचाल!" बाया खुदखुदत. मी पाटी खाली ठेवून पुन्हा कॅमेरा हातात घेई. लाज जिथल्या तिथे राही.

त्या वर्षी दाजींनी लागणीच्या आधी एका मोकळ्या रानात मेंढरं बसवली होती. आमच्या भागात ही जुनी रीत आहे. दिवाळी झाली की तालुक्याच्या कोरड्या बाजूचे मेंढपाळ कळप घेऊन इकडे पाण्याच्या बाजूला येतात. दिवसा मेंढरं माळाला चरतात आणि रात्री एखाद्याच्या रानात, जाळीच्या कुंपणात बसतात. त्या जाळीला वाघर म्हणतात. रानाला लेंड्यांचं खत मिळतं, मेंढपाळाला धान्य आणि पीठमीठ. एका रानातलं काम झालं की कळप पुढच्या शेतकऱ्याच्या रानात. त्यांचा पत्ता म्हणजे कुणाचं तरी रान, तेही दोन-तीन रात्रींपुरतं.

मी संध्याकाळी तिकडे गेलो. कळप नुकताच परतला होता. माळशेजच्या डोंगरांकडे सूर्य टेकलेला, मेंढरांच्या खुरांनी उडालेली धूळ सगळी सोन्याची झालेली. मी वेड्यासारखा धावत सुटलो. दोन कुत्री माझ्या मागे सुटली.

"हाड! हाड! फोटूवालं हायेत ते!" मेंढपाळानं कुत्र्यांना आवरलं. लाल फेट्याचा, माझ्याहून थोडा थोरला, हसऱ्या तोंडाचा माणूस. त्याची बायको तीन दगडांच्या चुलीशी बसली होती. शेजारी एका बाजल्यावर मावेल इतकाच संसार आणि तो वाहून नेणारं एक तट्टू. तट्टाजवळ काठ्यांना बांधलेल्या झोळीत काहीतरी हललं.

"बाळ हाये," ती म्हणाली. मग माझ्या कॅमेऱ्याकडे बघत राहिली. "भाऊ, त्याचा एक फोटू काढचाल का? माज्या लेकीला धाडायचाय."

मग तिनं सांगितलं. लेक दुसरीत होती. शाळा बुडू नये म्हणून या वर्षी पहिल्यांदाच तिला घरी ठेवलं होतं, राजुरीच्या पलीकडच्या वाडीवर, चुलतीपाशी. निघाले तेव्हा आई अवघडलेली. पोरीला सोबत यायचं होतं, बाळ बघायचं होतं. आईनं नाही म्हटलं. पोर पाठ फिरवून बसली ती कळप दिसेनासा होईपर्यंत वळली नाही. बाळ पुढे वाटेतच झालं, कुणाच्या तरी ज्वारीच्या रानाकडेला.

"भाऊ झाला म्हणून तिला निरोप धाडला," ती म्हणाली. "तर तिनं उलटा काय निरोप धाडला, ठावं हाये? 'असू दे म्हणावं.' एवढंच. आता पाऊस पडस्तवर काय आमी घरी जात न्हाई. तवर ही अशीच रुसून बसली तर माज्याशी बोलायचंच इसरून जाईल. म्हणून म्हणते, बाळाचं तोंड तरी बघू दे तिला."

"काढू की," मी म्हटलं. रोलमध्ये शेवटचे तीन-चार फोटो उरले होते आणि सूर्य भराभर खाली जात होता.

तिनं बाळाला उचललं, ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसलं, डब्यातलं काजळ काढून डोळ्यांत घातलं, गालाला तीट लावली, टोपडं बांधलं. मी तिला वाघरीपाशी उभं केलं, तिच्यामागे मेंढरं, मेंढरांमागे धूळ आणि धुळीमागे सूर्य. नवरा खांद्यावर काठी आडवी टाकून शेजारी उभा राहिला.

"इकडं तोंड करू का, उजेडाकडं?" तिनं विचारलं.

"नको, नको. आहे तशीच राहा," मी म्हटलं.

ती एवढं नीट विचारत होती आणि मी तिचं ऐकतच नव्हतो. मला फक्त ती सोन्याची धूळ दिसत होती.

दुसऱ्या दिवशी ओतूरला जाऊन स्टँडजवळच्या स्टुडिओत रोल दिला. तो तिथून नारायणगावला धुवायला जायचा. प्रिंट आल्या त्या दिवशी दुकानदारानंच पाकीट उघडून ठेवलं होतं. "सर, ह्यो बघा," तो म्हणाला, "अगदी कॅलेंडर! मोठा करू द्या, काचंत लावतो."

तो फोटो खरोखर चांगला होता. आजही माझ्याकडे आहे. वर तांबडं आभाळ, खाली मेंढरांच्या पाठींची काळी लाट आणि मधे दोन उभ्या काळ्या आकृत्या. एकीच्या हातांत लहानसं गाठोडं. मी स्टँडवर चहा घेत तो चार वेळा पाकिटातून काढून बघितला.

डिंगोऱ्याला आलो तर रान रिकामं. मेंढरं पुढे गेली होती. दाजींनी आपली लुना दिली आणि म्हणाले, "सोपं हाये. इचारत जायचं, मेंढरं कुणाच्या रानात बसलीत. लेंड्या दिसत्यात तिकडं वळायचं."

विचारत गेलो. पहिल्या शेतकऱ्यानं मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "एकतीस तारखेला बोकड पायजे व्हय राव? लई महाग झालेत."

"नाही हो, बोकड नको. त्यांना फोटो द्यायचाय."

"बोकडाला?"

"मेंढपाळाला."

"मंग आसं सांगा की. काल आमच्यात व्हती. आता वढ्यापल्याड गेली."

ओढ्यापलीकडच्या शेतकऱ्यानं मला सरकारी माणूस समजून आधीच सांगून टाकलं की त्याच्या विहिरीचं काम अजून सुरूच झालेलं नाही. तिसऱ्या ठिकाणी एका बाईनं बसवून चहा पाजला आणि मग सांगितलं की मेंढरं इथे आलीच नाहीत, पण आमच्या घराचा एक फोटो काढा. शेवटी भर दुपारी, एका काढून झालेल्या टोमॅटोच्या रानात, ओळखीची दोन कुत्री माझ्या लुनाच्या मागे लागली आणि मी हुश्श केलं.

मेंढपाळानं फोटो दोन्ही हातांनी धरला. त्याचं तोंड उजळलं.

"आगं ये, हिकडं ये! बघ कसा आलाय. ही शिंगाळी. ही लंगडी, मान बघ तिची. आन हे आपलं तट्टू!"

बायको हात पदराला पुसत आली. "आन मी कुठंय?"

"ही काय, उभी हायेस की."

"ही? मला वाटलं वाघरीची मेख हाये."

"मेख कशी आसंल? पदर बघ, हालतोय."

"आन बाळ?"

त्यानं फोटो थोडा तिरका केला, मग उलट्या बाजूनं तिरका केला. "आसंल की. हातात हाये तुज्या."

"आसंल म्हंजी? तुमाला लंगडी मेंढी वळखू येती आन पोरगं वळखू येत न्हाई?"

"पोरगं सा हप्त्यांचं हाये. लंगडी पाच वर्सांपासनं हाये माज्याकडं."

मी हसू लागलो, पण ती हसत नव्हती. तिनं फोटो त्याच्या हातातून घेतला, उन्हात धरला, बोट फिरवत गाठोड्यापर्यंत आली आणि थांबली.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "तुमचा फोटू चांगला आसंल. वाईट कसा म्हणू? पर ह्याच्यात माज्या लेकीनं काय बघायचं?"

मी सांगायला लागलो. मागून उजेड असला की आकार कसे खुलतात, संध्याकाळ कशी उतरते. माझं मलाच ऐकू येत होतं, वर्गात फळ्यापुढे बोलतो तसं. वाक्य मधेच सोडून दिलं. तिनं त्या दिवशी लावलेलं काजळ, ती तीट, ते टोपडं, सगळं त्या काळ्या ठिपक्यात बुडालं होतं आणि ते मी बुडवलं होतं.

मेंढपाळानं मला सोडवायचा प्रयत्न केला. "आसूंद्या राव. पोरीला सांगू, भाऊ उन्हात हिंडून जरा जास्तच काळा झालाय."

या वेळी तीही हसली. "तुमी गप बसा."

पुण्याला परत जायला तीन दिवस होते. पिशवीत नवा रोल होता. तो मी पुण्यातल्या मकरसंक्रांतीच्या बाजारासाठी राखून ठेवला होता. तिथेच उभ्या उभ्या कॅमेऱ्यात घातला.

"आता तुम्ही सांगाल तसा काढतो," मी म्हटलं.

तिनं एकही क्षण घालवला नाही. "हितं नको, हितं बाभळीची सावली येती. हितं. उन्हाकडं तोंड. वाघर नको, मेंढरं नकोत, काय नको मागं. आन तुमी," हे नवऱ्याला, "फेटा जरा वर घ्या, कपाळ दिसू द्या. न्हाईतर बाजूला व्हा."

"मी बाप हाये त्याचा."

"मंग बापासारखं उभं ऱ्हावा. हाटेलात चहा पिताय आसं नको."

काजळ पुन्हा झालं, तीट पुन्हा झाली. बाळ मात्र ढाराढूर झोपलं होतं. तिनं त्याच्या पायाला चिमटा घेतला, गालावर टिचकी दिली, त्यानं फक्त तोंड वाकडं केलं. मी कॅमेरा डोळ्याला लावून बसलो. लांबून काढायची माझी सवय. माणसाच्या जवळ गेलो की त्याच्या डोळ्यांत मला माझी लुडबूड दिसते, म्हणून मी नेहमी बांधापलीकडून, झाडाआडून काढायचो.

"आजून पुढं या की," ती म्हणाली. "बाळ हिकडं आन तुमी पार तिकडं. चावत न्हाई त्यो."

मी पुढे गेलो. आणखी पुढे. इतका की तिच्या कपाळावरचा गोंदलेला ठिपका आणि बाळाच्या टोपड्याची सुटलेली गाठ दिसू लागली. तेवढ्यात मागे लंगडी मेंढी ओरडली. बाळानं डोळे उघडले आणि थेट माझ्याकडे बघितलं, असं की जणू मीच त्याला उठवलं. मी बटण दाबलं. मग न राहवून आणखी दोन काढले.

आता रोल संपवायचा होता. स्टुडिओवाला अर्धा रोल धुवून द्यायचा, पण उरलेली फिल्म वाया जायची, आणि माझ्यासारख्या कंजूष मास्तराच्या हातून ते होईना. म्हणून परतताना त्या चहा पाजणाऱ्या बाईच्या घराचा फोटो काढला, सगळी माणसं ओट्यावर रांगेत उभी करून. घरी आल्यावर बहिणीला म्हटलं, "चल, तुझं न्हाणीघर."

"काय झालं रे तुला? ऊन लागलं का?" ती म्हणाली. पण पळत जाऊन फरशी धुऊन आली, नवी बादली मधोमध ठेवली आणि स्वतः नवी साडी नेसून दारात उभी राहिली. दाजी ट्रॅक्टरवर चढले, मग उतरले, गॉगल घालून पुन्हा चढले. शेजारच्यांना खबर लागली. अंगणात गर्दी झाली. कुणाला टीव्हीसोबत हवा, कुणाला नव्या घड्याळाचा हात पुढे करून. एका म्हाताऱ्या बाबांनी दात बसवले होते, त्यांनी सांगितलं, "दातं दिसली पायजेत, बाकी मी कसा बी चालंल." मी सांगतील तसं काढत गेलो आणि मला कबूल करायला हवं, त्या दुपारइतकं मी फोटो काढताना कधीच हसलो नव्हतो. कुणाच्या पाटीला हात लावावा असंही एकदाही वाटलं नाही.

ओतूरच्या दुकानदाराच्या इतक्या विनवण्या केल्या की त्यानं वैतागून रोल त्याच दिवशी धाडला. प्रिंट हातात पडली तेव्हा त्यानं ती बघून नाक मुरडलं. "सर, ह्यात काय हाये? असले फोटू मी बी काढतो." खरंच होतं. उन्हानं डोळे बारीक केलेली बाई, ताठ मानेनं बाप झालेला माणूस आणि मधे टकमक बघणारं, गालावर तीट लावलेलं एक बाळ. बस. कॅमेऱ्यात तिथेच नवा रोल भरून घेतला. फोटोच्या दोन प्रती करून घेतल्या होत्या. एक दाजींच्या हवाली केली, मेंढरं कुणाच्या रानात आहेत ते विचारून पोचती करायला.

रविवारी निघालो. आळेफाट्याला उतरून पुण्याची गाडी धरायची, ती न धरता मी राजुरीच्या एसटीत बसलो. तिथून वाडीपर्यंत चालत. दुपार कलली होती. चुलतीच्या दारात एक मुलगी बसली होती, शाळेचाच निळा स्वेटर घातलेली. कशावर तरी खडूनं रेघा मारत होती. चुलतीला मी कोण ते सांगितलं. तिनं घाईनं आत जाऊन पाणी आणलं आणि मुलीला म्हणाली, "उठ गं, आईकडनं आलेत पावणं. तुज्या भावाचा फोटू आणलाय."

"असू दे," मुलगी म्हणाली. खडू थांबला नाही.

ऐकलं होतं तेच. मी फोटो पाकिटातून काढला आणि तिच्या शेजारी ओट्यावर ठेवला. चुलती मेंढरं कुठवर गेली, बाळाचं पोट कसं आहे, विचारत राहिली. मी उत्तरं देत होतो आणि डोळ्याच्या कडेनं बघत होतो.

थोड्या वेळानं खडू थांबला. तिनं फोटो उचलला, पण असा की आईचा चेहरा अंगठ्याखाली गेला. मुद्दाम की चुकून, सांगता येणार नाही. ती बाळाकडे बघत होती.

"ह्याला तीट उजवीकडं लावलीय," ती म्हणाली. "मला आई डावीकडं लावायची."

"उलट्या हातानं लावली आसंल," चुलती म्हणाली.

"टोपडं माजं हाये."

"तुजंच. जपून ठेवलं व्हतं की आईनं."

मुलीनं जरा विचार केला. "घालू दे," ती म्हणाली. "मला आता व्हत न्हाई." मग फोटो आणखी जवळ घेतला. "नाक माज्यावानीच हाये."

अंगठा कधी सरकला ते मला कळलंच नाही. ती आता आईकडे बघत होती. उन्हानं बारीक झालेले डोळे, कपाळावरचा ठिपका. चुलतीनं मला खूण केली, बोलू नका.

शेवटी तिनं मान वर केली, ती थेट माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे. "त्यानं मला बघितलंय का?"

"कुणी? बाळानं? नाही, त्यानं कसं बघावं?"

"मंग काढा."

ती उठून अंगणात गेली. स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या, हात दोन्ही बाजूंना चिकटवले आणि सूर्याकडे तोंड करून उभी राहिली, कुणी न सांगता. मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसलो. तिच्या भुवया आक्रसलेल्या, ओठ घट्ट मिटलेले, उन्हानं डोळ्यांत पाणी आलेलं, पण पापणी लववायला तयार नाही. मी बटण दाबलं.

"झाला," मी म्हटलं.

"ह्यो त्याचा," ती म्हणाली आणि जागची हलली नाही. बाहीनं डोळे पुसले, केस कानामागे सारले. "आता एक आईचा. थांबा हां, ह्याच्यात मी हसते."